निधान

दवाखान्यातल्या पाचव्या दिवशी
नीलव्वानं त्याला उभं केलं,
काखेत हात घालून, भिंतीशी,
आणि म्हणाली, "निधान. निधान, अण्णा."

मला वाटलं, ठेवा म्हणतेय.
आमच्या भजनात तोच अर्थ,
पुरलेलं धन, देवाचं रूप, असलं काहीतरी.
मी तिच्याकडं बघतच राहिले.
एका अंगाला तोंड ओघळलेला,
दुसऱ्याकडून लाळ पुसून घेणारा माझा नवरा
हिला ठेवा कुठून दिसला?

शेजारच्या खाटेवरची हसली.
"हळू म्हणालीय ती. कन्नडात निधान म्हणजे सावकाश."
जन्म बेळगावात गेला माझा,
बाजारापुरती कन्नड येते,
साकु, बेडा, एष्टु.
हा शब्द कधी लागला नव्हता.
घाईच्या माणसाला कशाला लागतोय?

नीलव्वा ड्युटीच्या आधी
सामानाच्या खोलीत, फिनेलच्या कॅनशेजारी,
गळ्यातलं लिंग डाव्या तळव्यावर घ्यायची
आणि बघत बसायची.
मी विचारलं, मागतेस काय गं?
"मागायचं नाही, अक्का. कै नडगबारदु."
हात थरथरायला नको. एवढंच.
थरथरायचा की तिचाही, माणसं उचलून उचलून.
रागवायची नाही ती हातावर.
वाट बघायची.

घरी आणला तेव्हा दिवाळी होऊन गेलेली.
मोनाप्पा उद्यमबागेत बावीस वर्षं लेथवर.
केसाच्या जाडीचा फरक बोटांना कळायचा त्याच्या.
आता शर्टाचं एक बटण,
आठ मिनिटं.
आणि माझी मशीन तिकडं शहापुरात,
अठरा साड्या, पिको-फॉल, संध्याकाळी हळद.
तिसऱ्या दिवशी मी त्याचा हात झटकला.
बटण मीच लावलं, इतक्या जोरात
की हातात आलं.
तो काही बोलला नाही. बोलता येत नव्हतंच.

मी मोरीत जाऊन नळ सोडला.
पाण्याचा दिवस नव्हता,
नुसता फस्स आवाज.
तिथंच बसले पालथ्या बादलीवर
आणि तळवा वर केला, कशाला कोण जाणे.
त्यात काही नव्हतं,
लिंग नाही, माळ नाही,
सुईनं टोचलेली दोन बोटं.
थरथरत होती.
वाट बघितली.

तेव्हापासून रोज बसते. साधना-बिधना म्हणू नका.
दूध वर यायला लागतं
तेवढाच वेळ.
कधी साधतं. कधी गॅसवाला बोंबलतो,
कधी मनात उधारीची वही उघडते
आणि दूध जातंच उतू.
तरी पेडलवर पाय ठेवायच्या आधी
एक श्वास पार खालपर्यंत जाऊ देते.
दिवस त्यानं लहान होत नाही,
पण धरायला कड येते त्याला.

माघातली दुपार. भरमू आलेला, माझा दीर,
नोव्हेंबरात दंडाला काळी फीत बांधणारा.
दादाचा पहिला शब्द 'पाणी' असणार, म्हणायचा,
आमची तर पैजच लागलेली.
मी सुईत दोरा ओवत होते.
चौथ्यांदा चुकला,
मी सुईच्या आईचा उद्धार केला.
तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला,
फुटका, ओला:
"नि... धा... न."

भरमू सावरून बसला.
एकदा दादाकडं, एकदा माझ्याकडं बघितलं.
"मराठीच की," म्हणाला जरा वेळानं,
"देवाच्या गाण्यात आहे."
"होय," म्हटलं मी.

दोरा मग गेला की नाही,
आठवत नाही.