हलतं चित्र

सात रिळं. बिस्किटांच्या डब्यात.
झाकणावर चिकटपट्टी, तिच्यावर पप्पांचं अक्षर:
उन्हात ठेवू नये.
पप्पांना जाऊन एकोणीस वर्षं झाली,
डबा अजून सांगितल्यासारखा सावलीत.

रूबेनचा अश्दोदहून फोन:
इथे एक कंपनी आहे, खोका पाठवून दे,
बारकोड लावतात,
घरबसल्या कळतं माल कुठवर पोचला.
माल, म्हणाला.
मी म्हटलं, आधी मुंबईत बघते.

पहिला लॅमिंग्टन रोडला, जिन्याखाली.
डबा न उघडताच म्हणाला, होऊन जाईल.
कधी? होऊन जाईल, मॅडम.
कुठे करता? अपना आदमी है.
त्याच्या मागे फळीवर कुणाकुणाची लग्नं
प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, गाठी मारलेली,
एकीवर नुसतंच: 'काळे, उरलेलं'.
मी डबा काखेला मारला नि निघाले.

दुसरा अंधेरीला. काचेचं दार, गार हवा.
पाणी विचारलं, कॉफी विचारली,
रिळांत काय आहे ते नाही विचारलं.
फॉर्म चार पानी. चष्मा पुसून सगळा वाचला,
गोदीच्या कचेरीत तीस वर्षं हेच तर केलं मी.
कलम अकरा: गहाळ झाल्यास
कोऱ्या फिल्मची किंमत परत मिळेल.
कोऱ्या.
मुलगी गोड होती. म्हणाली,
आजपर्यंत असं झालेलं नाही, आंटी.
मग लिहिलंय कशाला, बाळ?

तिसऱ्याचा पत्ता सिनेगॉगमधल्या सॅमसनने दिला.
ताडदेव, बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीवर,
दिगंबर खांबेटे, खिशात पेनाऐवजी भिंग.
त्यांनी डबा उघडला आणि आधी नाक खाली नेलं,
आंबा पिकला का बघतात तसं.
शिरक्याचा वास सुटलाय, म्हणाले, दोघांना. त्यांची घाई करायला हवी.
पाचवं रीळ बोटांवर तोललं, कडेने नख फिरवलं,
परत ठेवलं.
हे माझ्याच्याने नाही व्हायचं. आखडलंय.
यंत्रात घातलं की तुटणार.
पैसे घेऊन तोडायचं कशाला?

इतक्या दिवसांत 'नाही' पहिल्यांदा ऐकलं
आणि मला तिथली खुर्ची दिसली.
बसले.

वहीत लिहून घेतलं: सहा रिळं, पन्नास फुटी.
दुसऱ्याची चकती गंजलेली. चौथ्याला सांधा,
सांध्याला घरगुती सेलोटेप.
कुणी लावली ही?
मी. तेरा वर्षांची होते.
हेही लिहिलं, वय वगळून.
आणि तुम्हालाच काही झालं तर?
मला विचारायला लाज नाही वाटली, त्यांना राग नाही आला.
बहीण शेजारीच राहते, म्हणाले. तिला माझं अक्षर लागतं.

पाचवं रीळ घेऊन घरी आले.
पुन्हा डब्यात, एकटं. चालताना वाजत होतं.

बुधवारी फोन.
तिसरं रीळ फार हलतंय, बाई.
यंत्रात सोय आहे. स्थिर करून देऊ?
वेगळे पैसे नाहीत.
कुठे हलतंय?
विहीर आहे. मागे नारळी. एक बाई
लुगड्याचा ओचा खोवून बदकामागे धावतेय.
मग बदक उलटं वळतं, बाईंच्या मागे लागतं.
तिथून पुढे.

रेवदंड्याची विहीर. आई.
त्या फिल्मला आवाज नाही,
तेवढा महाग कॅमेरा परवडला नव्हता.
आणि सात रिळांत पप्पा कुठेच नाहीत,
डोळा काचेला लावून
सगळीकडे उभे.

बाई, आहात ना? करू स्थिर?

नको, म्हटलं. हसतायत ते.

पलीकडे थोडा वेळ नुसतंच यंत्र फिरत राहिलं.
मग खांबेटे म्हणाले,
लिहून ठेवतो.