यंत्राचं नाव

रानवा आधी चार गिगाबाइट शून्यं मांडते.
नुसती शून्यं.
मग त्यांत बांध घालते:
एवढंसं बूट व्हायला,
बाकी नांदायला.
अजून न जन्मलेल्या यंत्रात शिरून
आतून कडी लावते,
घड्याळ जुळवते, पासवर्ड बदलते,
एकेक आज्ञा, एकेक एंटर.
खाली क्लाक्सविकच्या धक्क्यावर
होग्नी कार्डासाठी खोळंबलाय,
हातमोज्यांना कॉड माशाचा वास.

एक ओळ मात्र ती तशीच ठेवते.
होस्टनेम: स्वाला.
ती बोट परतली नाही,
त्याला सहा हिवाळे झाले.

कार्ड घातलं की
प्रत्येक नवी बोट
पहिल्यांदा डोळे उघडताना
स्वतःला स्वाला म्हणते,
दोनेक सेकंद.
मग होग्नी तिचं नाव टाइप करतो.