इतर

टॅब्लेट सरकारचा, चार्जर माझा,
आणि रेंज फणसाची.
नेत्रावळीहून वर चढताना तिसऱ्या वळणावर तो उभा आहे.
बुंध्याला पाठ लावून डावा हात जरा उंच धरला
की दोन दांड्या येतात.
तिथे मी प्लास्टिकची एक खुर्ची ठेवलीय.
लोक तिलाच दवाखाना म्हणतात.

आज पावणी वेळीप आली.
वीस वर्षं केप्याच्या कारखान्यात काजू फोडतेय.
सालीतलं तेल कातडं खातं
हे तिला कुठल्या पत्रकात वाचावं लागलं नाही.
साखर वाढलेली, टाचेला भरत नसलेली जखम,
आणि कार्ड नाही.

काचेवर अंगठा ठेवला. लाल दिवा.
पदराला पुसून ठेवला. लाल.
तर्जनी, मधलं, शेवटी करंगळीसुद्धा.
मग दहाही बोटं माझ्यापुढे धरून ती हसली,
'बाय, म्हजीं बोटां खंय गेलीं?'
काळपट, गुळगुळीत,
ओहोळातल्या गोट्यांसारखी बोटं.
एकीवरही रेघ नाही.

म्हटलं, ओटीपी मागवू.
तो गेला तिच्या मुलाच्या फोनवर.
मुलगा तारवटी.
त्याची बोट या घटकेला कुठल्या पाण्यात आहे
ते पावणीला ठाऊक नाही, मला नाही.
एक बोट इथे, एक बोट तिथे,
यंत्राला दोन्ही सापडेनात.
दहा मिनिटांत सहा आकडे शिळे झाले.

शिवी ओठांवर आलीच होती
तेवढ्यात वळणावरून कुष्टा गेला,
डोक्यावर चुडतांचा भारा, मला हात केला.
गेल्या शिगम्यात ढोल वाजता वाजता
हाच छाती धरून खाली बसला होता.
केंद्रात त्याला वायरी चिकटवल्या,
ती वेडीवाकडी रेघ बांबोळीला पाठवली,
आणि त्याने कधी न पाहिलेल्या कुणा डॉक्टरीणबाईंनी
आठव्या मिनिटाला कळवलं,
इंजेक्शन द्या. आत्ता.
रुग्णवाहिका तेव्हा रिवणलासुद्धा पोचली नव्हती.

शिवी गिळली.

माझी धाकटी बहीण आसगावात एका बंगल्यात रांधते.
तिथल्या साहेबांचं घड्याळ त्यांना सकाळी सांगतं
काल आपली झोप पुरी झाली नाही.
ते चिंतेत पडतात, कॉफी कमी करतात.
ती कॉफी करायला बहीण साडेचारला उठलेली असते.
तिची झोप कुणी मोजत नाही.
ती म्हणते, बरंच आहे,
मोजली असती तर पगारातून कापली असती.

पुन्हा अर्ज उघडला.
ठसा न मिळण्याचं कारण निवडा:
वार्धक्य. अपंगत्व. इतर.
इतरवर बोट ठेवलं, माझं, रेघा असलेलं.
चौकट उघडली, वीस अक्षरांची.
मी लिहिलं, बोटं काजूत गेली.
मजकूर अमान्य.

मग जुनी वही काढली.
शाईत बुडवून तिचा अंगठा उमटवला,
नुसता निळा गोल,
आत काहीच नाही.
वहीने मुकाट घेतला.
पण वही आठ मिनिटांत बांबोळीला जात नाही,
वही कपाटात जाते,
हे मला तिच्यापेक्षा जास्त माहीत आहे.

जखम धुतली, पट्टी बांधली,
पंधरा दिवसांच्या गोळ्या माझ्या पिशवीतल्या दिल्या,
त्यांची नोंद कुठल्या नावावर करू ते उद्या बघू.
बॅटरी चार टक्के. खुर्ची उलटी करून ठेवली.

उतारावर दोन पावलं गेली आणि पावणी थांबली.
'सुनेचो आंगठो चलता?'
तिला म्हणायचं होतं, माझ्याऐवजी.
नाही चालत गं, म्हणायला तोंड उघडलं
आणि आठवलं, सूनही त्याच कारखान्यात जाते,
दोनच पावसाळे झालेत,
तिच्या रेघा अजून असतील.

म्हटलं, तिला घेऊन ये.
मंगळवारची वाट बघू नकोस,
उद्याच घेऊन ये.