धोटा

पहिल्या खेळात मी फुलपाखरं सोडली होती.
वडगावातल्या हॉलमध्ये, कुणीतरी देणगी दिलेल्या टीव्हीवर,
निळी, पिवळी. हात लांब करून टिपायची,
टिपलं की टाळ्या.
सौंदर्यानं चार टिपली
आणि मान वळवून दाराकडे बघत बसली.
आवडलं नाही का, विचारलं.
तिचा शब्द निघायला वेळ लागतो,
जबडा मध्येच आवळतो.
मी तिचं वाक्य पुरं करायला गेले
तर हंपण्णावर मॅडमनी माझं मनगट दाबलं. थांबा.
"बाळाचं हाय ह्ये."
वय वर्षं अकरा.

मग काय पाहिजे तुला?
"माग."

माग तिच्या घरी पुढच्या खोलीत.
पट्ट्यापर्यंत पोचू नये म्हणून
उंबऱ्यावर आडवी फळी ठोकलेली,
फळीच्या अलीकडे तिची खुर्ची.
इथून तिनं सगळं पाठ केलंय:
कुठला धोटा जड चालतो,
धागा तुटायच्या आधी आवाज कसा बदलतो.
मी फोनवर खटखट भरून घेतली.
भावकाण्णा धामणेकर रुळावरची धूळ पुसत म्हणाले,
"ह्याचाबी गेम करतासा व्हय?
मग मजुरीबी त्यातच द्या की."

दोन महिने लागले.
टीव्हीवरच्या कॅमेऱ्यासमोर डावा हात उचलायचा,
छातीच्या मधल्या रेषेपलीकडे न्यायचा,
की धोटा सुटतो आणि
खाली लुगड्याचा एक धागा वाढतो.
ही रेषा ओलांडणं तिला सगळ्यात अवघड,
म्हणून सगळा खेळ तिच्यावरच उभा.
हाताची थरथर मी गणितानं गाळून टाकली,
मागच्या दहा क्षणांची सरासरी.
पडद्यावरचा हात तेल घातल्यासारखा सरळ गेला.
मी खूश.
तिनं हात खाली घेतला.
"ह्यो माजा न्हवं."

रात्री टिळकवाडीच्या खोलीवर
ती तीन ओळींची चाळणी मी पुसली.
पुसताना जिवावर आलं, खरं सांगते.
फार देखणी लिहिली होती.

दुसऱ्या दिवशी नवव्या फेरीला धागा तुटला.
माग थांबला. मी कीबोर्डकडे धावले,
जरा सोपं करते म्हणून.
"नगं! तुटू दे की!"
आणि हसली, सगळ्या अंगानं,
टाच खुर्चीच्या पायरीवर आपटत.
घरात तुटलेला धागा बाबा जोडतात,
तिला कुणी कधी तुटू दिलेला नाही.

आता गाठ.
चिमटीत दोन टोकं धरणं तिच्या बोटांना नाही जमत.
मी दोन आठवडे चिमटीचाच विचार करत राहिले,
आणि तिचा उजवा हात सगळा वेळ तिथंच होता,
छातीपाशी मुडपलेला, मूठ आवळलेली.
डावा त्याच्याजवळ आणायचा,
तीन मोजेपर्यंत ठेवायचा, गाठ बसली.
मॅडम चिडल्या. "मी वर्षभर तो हात उघडतेय,
तुम्ही मिटून बक्षीस देताय?"
बरोबर होतं त्यांचं.
मग असं ठरलं: गाठ मिटून मारायची,
पण मूठ उघडल्याशिवाय धोटा पुढे जाणार नाही.

ओंदु, एरडु, मॅडम मोजतात,
तीन, सौंदर्या म्हणते,
आणि मग काहीच होत नाही.
करंगळी हलते. परत मिटते.
हॉलमध्ये पंखा फिरतोय,
बाहेर कुणीतरी गाडीला किक मारतंय.
वेळेची मर्यादा मी काढून टाकलीये,
त्या रकान्यात आता काही लिहिलेलं नाही.
अंगठा सगळ्यात शेवटी.

सुटला!

आठ वाजता भावकाण्णा न्यायला आले,
दारातच चपला हातात घेऊन उभे राहिले,
पडद्यावरचं लुगडं वरपासून खालपर्यंत वाचलं.
"काठ वाकडा आलाय गे."
ती दमलेली, ओठाच्या कडेला लाळ,
ती पुसू देत नाही कुणाला.
"हूं," म्हणाली.
"उद्या उसवतो."