लोकरीचा राजा

नाताळची भांडी अजून मोरीत पडलेली,
आणि सव्वीस तारखेला, उजाडायच्या आत,
दारात पेंढ्याची माणसं.
तोंडं नाहीत. नुसते उंच विणलेले शंकू,
आतून येणारी बिअरची वाफ.

बॅट मोरिआर्टी ढोल घेऊन थेट चुलीपाशी.
समुद्राच्या दमट हवेनं बकऱ्याचं कातडं सैलावतं,
ते तो आमच्याकडे शेकून घेतो,
दरवर्षी, न विचारता.
मागून काठी. काठीवर हॉलीची काटेरी फांदी, फिती,
आणि पानांच्या आत कुठंतरी
पक्ष्यांचा राजा, द्रोलीन,
गोब्नेटनं नवऱ्याच्या जुन्या स्वेटरच्या बाहीतून विणलेला,
एका डोळ्याचं बटण काळं, दुसऱ्याचं निळं.

खरा मी धरलाय हातात.
एकोणसाठ साल. मी अकरा वर्षांचा.
कुंपणाच्या अलीकडून मी, पलीकडून टायग,
काठ्यांनी झुडूप झोडपत चाललेलो.
तो उडत नाही फारसा, उंदरासारखा पळतो मुळांतून.
दगड माझा होता.
तळहातावर बरोबर एका पेनीचं वजन.
पण पेनी कधी इतकी गरम नसते.

का मारायचं? मी विचारलं होतं.
वडील म्हणाले, आपलं सैन्य रात्री दबा धरून होतं,
यानं शत्रूच्या ढोलावरचे पावाचे कण टिपले,
टकटक ऐकून पहारा जागा झाला.
पाद्री म्हणाले, संत स्टीफन झुडपात लपले होते,
यानंच चिवचिवून दाखवून दिलं.
मास्तर म्हणाले, उंच उडायची पैज होती,
हा गरुडाच्या पिसांत दडून बसला
आणि शेवटी वीतभर वर उडाला.
नेल आत्या बटाटे सोलत होती.
म्हणाली, दिवस एवढासा, रात्र संपत नाही,
पोरांना काहीतरी मारायला लागतं.

त्या दिवशी हॅना कर्टिनच्या दारी
आम्ही नाचलो, हात पसरले.
ती म्हणाली, आधी बघू दे.
टायगनं फांदी वाकवली.
तिनं राजा काढून घेतला, मूठ मिटली,
आणि दार लावलं.
पैसे नाहीत. शिवी नाही.
पैसे न देणाऱ्याच्या उंबऱ्यात पक्षी पुरायची रीत होती,
पुरायलाच काही उरलं नव्हतं.

पुढची बावीस घरं रिकामी फांदी घेऊन फिरलो.
कुणी पानांत डोकावलंसुद्धा नाही.
सगळ्यांनी पेन्या टाकल्या.

मग एक वर्ष बटाट्याला पिसं टोचली.
एक वर्ष दुकानातला प्लॅस्टिकचा रॉबिन, लाल छातीचा,
चिखल फासून चालवून घेतला.
मग नाचायलाच कुणी राहिलं नाही.
टायग बॉस्टनला, मी लिव्हरपूलच्या गोदीवर,
पेंढा गुरांनी खाल्ला.

आता परत आलंय सगळं, जरा निराळं होऊन.
पोरींना तेव्हा फक्त पेंढा वळायला बसवायचे.
आता कप्तान आहे टायगची नात, सायव.
बासरीवाला मारेक ग्दान्स्कचा,
आमच्यापेक्षा जुन्या चाली त्याला पाठ.
पैसे जातात जीवरक्षक बोटीला.
कार्डाचं यंत्र फिरतं पेंढ्याच्या हातातून.
मी पाच युरो देतो तर सायव विचारते,
पावती हवी का, आजोबा?

नको. तो पक्षी दे जरा.

मागच्या हिवाळ्यात गोब्नेटला मी सांगितलं होतं,
फार हलका झालाय गं.
बोलली काही नाही. चष्मा पुसत राहिली.
आता हातात घेतो, आणि पोटात, लोकरीच्या आड,
काहीतरी गोल, कठीण लागतं.
जुनी पेनी. शिवलेली.
वजन बरोबर तेवढंच.
फक्त गार.

ढोलाशेजारी, विस्तवापुढे
थोडा वेळ धरून बसतो.
दारातून बॅट ओरडतो,
चला, अजून अख्खं गाव राहिलंय.