वीतभर अंतर

सावद्याच्या मालधक्क्यावर, रात्री सव्वादोनला,
उलट्या क्रेटवर दोन फोन ठेवलेत शेजारी शेजारी.
मधे माझी एक वीत. बोटं ताणून मोजली मी.
दोघांच्याही पडद्यावर तोच गोल फिरतोय,
खाली तीच ओळ: जवळचा फोन शोधत आहे.

एवढ्या अंतरात मुंगीसुद्धा हरवत नाही.

एक फोन हेमकांत भारंब्यांचा, काचेवरचं प्लास्टिक अजून न काढलेला.
दुसरा गुलशेर तडवीचा,
कोपऱ्यात तडा, तड्यावर टेप, टेपखाली केळीच्या चिकाचा काळा डाग,
जो सदऱ्यावरूनही कधी जात नाही.
काट्यावर गुलशेर, वाघिणीच्या दाराशी भारंबे.
पावती याच्याकडून त्याच्याकडे जायची, बस.
इथली रेंज मालगाडीसारखी,
येते तेव्हा येते. म्हणून तर म्हणाले होते मी,
फैजपूरच्या खोलीत, पंख्याखाली, छाती फुगवून:
नेट लागतंय कशाला? फोन फोनशी बोलेल.

बोला ना मग.

ब्लूटूथ बंद करून चालू केलं.
बॅटरीची बचत काढली.
भारंब्यांचा हॉटस्पॉट चालू होता, भाच्यासाठी,
तो बंद केला; भाचा कुरकुरला ट्रकच्या टपावरून.
दोन्हीकडे ॲप एकाच तारखेचं, आतलं खुणेचं नाव
अक्षर न अक्षर सारखं.
लोकेशन लावा म्हटलं, तर गुलशेर:
"मी कुठी हाये ते मले मालूम हाये ना ताई.
त्यानं कायले इचारावं?"
उत्तर होतं माझ्याकडे, लांबलचक. दिलं नाही.
हमाल बसून होते. कुणीतरी तंबाखू मळत म्हणालं,
वहीच बरी होती.

शेवटी केबल लावून आतल्या नोंदी काढल्या.
पडद्यावर बारीक किडे, उजेडाला आलेले;
त्यांना स्वल्पविराम समजून वाचत होते मी.
आणि मधेच ही ओळ:
परवानगी नाकारली. संध्याकाळी सहा अठ्ठावीस.

म्हणजे हा फोन शोधत नव्हताच.
तोंड मिटून बसला होता आठेक तास,
आणि गोल फिरत होता, कारण
फिरत राहा, एवढंच मी त्याला लिहून दिलं होतं.
नकार आला तर काय करायचं, ते
उद्या लिहू म्हणून सोडलं होतं. मार्चमध्ये.

"गुलशेरभाऊ, तुम्ही 'नको' दाबलं?"
"दाबलं. इचारत होता, आजूबाजूच्यांले दिसू देऊ का तुमाले.
कोन हाये, कायले पाह्यजे, काहीच नाही.
नाव न सांगता कोनी कडी वाजवली
तं मी नाही उघडत दार."

तिथेच, क्रेटवर, मांडीला डास चावत असताना
त्या प्रश्नाच्या आधी एक ओळ घातली:
वजनाची पावती दाराशी उभ्या माणसाला द्यायची आहे.
तेवढ्यासाठी त्याच्या फोनला हाक मारू?
गुलशेरनं मोठ्यानं वाचली, दोनदा.
"आता कसं, मानसावानी."
दाबलं.

दोन्ही पडद्यांवर चार आकडे उमटले.
जुळतात का बघा, म्हटलं.
"सात, शून्य..." भारंबे.
"...दोन, दोन," गुलशेर.
मागच्या हंगामात याच दोघांचं
चौदा किलोंवरून वाजलेलं सगळ्या धक्क्याला ठाऊक आहे.

पहिली पावती गेली. दुसरी. एकविसावी.
मग मधे क्रेटची थप्पी चढली, छातीपर्यंत, डोक्याच्याही वर,
आणि पावत्या थांबल्या.
हे मात्र मला माहीत होतं: केळीत पाणी,
आणि पाणी हाक पिऊन टाकतं.
मी लॅपटॉप उघडेपर्यंत
गुलशेर थप्पीच्या कडेला सरकला होता,
फोन डोक्यावर धरून, कंदील धरावा तसा.
"ओ भारंबे, गेली का?"
"आली. बावीस."
"तेविसावी हाये अजून काट्यावर.
थांबा तिथीच, हलू नका."