एकोणतीस फेब्रुवारी

सोलापुरात आमच्या गल्लीला पाणी चौथ्या दिवशी येतं,
कधी पाचव्या. रात्री दोनला, कधी साडेतीनला.
नळ आधी खोकतो, मग थुंकतो,
मग बोलायला लागतो.
तोवर डोळा लागू नये म्हणून मी
दोर्कास मावशीचं पुस्तक उघडते.

रोजच्या वाचनाचं. तारखेला एक पान.
वर वचन, मधे मनन, खाली दोन ओळींची प्रार्थना.
कुठल्याशा जुन्या वर्षाचं, त्यामुळं वार जुळत नाहीत.
पान म्हणतं आज रविवार, उपासनेला चला,
आणि माझ्यापुढं बुधवारचे
काठ शिवायचे दोनशे टॉवेल.
तारीख मात्र जुळते. तेवढ्यावर भागतं.

मावशी दवाखान्यात आया होती.
समासात तिची पेन्सिल:
पाणी २.४०.
वॉर्डातली कन्नड आजी गेली. हात धरून होते.
शांतवनला ताप. हे पान दोनदा वाचलं. उतरला नाही.
क्षमेच्या पानावर, जोरात दाबून: जमणार नाही.
आणि पार नोव्हेंबरात,
जिथं क्षमेचं नावही नाही अशा पानावर:
जमलं. शेंगाची चटणी नेऊन दिली.

छापलेलं मला अर्धं कळतं,
पाळकसाहेबांनी समजावलं तर पाऊण.
पण कृपा कशी चालत येते
ते मला या शिसाच्या अक्षरांत दिसतं:
उशिरा, जरा लंगडत,
हातात चटणीची पुडी घेऊन.

सगळंच ऐकते असं नाही.
एकदा पान म्हणालं, जिभेला लगाम घाल.
त्याच दिवशी मुकादमानं हिशोबातून अकरा टॉवेल उडवले.
जिभेला घातला लगाम.
वही आपटली टेबलावर.
हाताविषयी पानात काही नव्हतं.

शेजारच्या नरसव्वाशी सात महिने बोलणं नव्हतं.
ती नळाला मोटर लावते, माझी धार करंगळीएवढी होते.
या सात महिन्यांत शेजाऱ्यावरची पानं
तीन वेळा आली. तिन्ही वेळा
मी पटकन उलटली.

मग यंदा एकोणतीस फेब्रुवारी आली.
पुस्तकात अठ्ठावीसनंतर थेट एक मार्च.
चिकटलं असेल म्हणून नखानं उकलून पाहिलं.
नव्हतंच. साध्या वर्षाचं पुस्तक,
त्याला हा दिवस ठाऊकच नाही.

तीन वाजून दहा मिनिटांनी नळ बोलला.
पलीकडं मोटर घरघरली, कण्हली,
जळका वास आला, आणि गप्प.
नरसव्वा दारात आली, रिकामी घागर कमरेला,
तिच्या तेलुगूत मोटरला, नवऱ्याला, महापालिकेला
एकेक शब्द देत.

मी थांबले. कुणी काही सांगेल म्हणून.
वर वचन नाही, मधे मनन नाही.
नुसता दिवा, आणि
माझ्या पिंपात पडणारं पाणी.

नळी काढली, भिंतीवरून टाकली.
तिनं टोक धरलं. दोघी गप्प.
तिचं एक पिंप भरलं, दुसरं निम्म्यावर आलं,
तेव्हा ती म्हणाली, "चालु."
तिच्या भाषेत पुरे,
माझ्या भाषेत सुरू.
वीस वर्षं शेजारी राहते, मला दोन्ही कळतं.
मी माझ्या भाषेत ऐकलं.

नंतर अठ्ठावीसच्या पानाखाली जागा होती तिथं लिहिलं:
२९. पाणी ३.१०. माझं पिंप अर्धंच.
प्रार्थना सुचेना. पेन्सिल तिथंच ठेवून झोपले.

नळी अजून भिंतीवर आहे.
काढायला गेले होते काल.
पलीकडून टोक कुणीतरी
खिळ्याला बांधून ठेवलंय.